चार बोटं न शिवलेली जागा

वर्तमानपत्राच्या कचेरीत राजघराण्यांचा विषय कोणी मागून घेत नाही, तो अंगावर येतो. ‘आम्ही अमुक राजाचे वंशज’ असं पत्र आलं की डेस्कवरचा माणूस ते माझ्याकडे सरकवायचा, कारण मी भंडाऱ्याचा. पूर्व विदर्भात अशा पत्रांना तोटा नाही. देवगडचे गोंड राजे, त्यांच्यातल्या एकाने दिल्लीच्या बादशहाच्या काळात स्वीकारलेला इस्लाम, त्या घराण्याने नेमलेले पठाण किल्लेदार, तुमसरजवळचा आंबागड, आणि या सगळ्यांच्या नावाने गावोगाव दाखवल्या जाणाऱ्या कबरी, बुरूज, विहिरी. दर चार गावांमागे एक राजा पुरलेला आहे. राजे एवढे नव्हते.

खोटा वंशज ओळखण्याची माझी एक पद्धत होती. बापाकडच्या पिढ्या विचारायच्या नाहीत. त्या पाठ असतात, बहुधा लॅमिनेट करून सोबतच आणलेल्या असतात. आजीचं माहेर विचारायचं. बनवलेल्या वंशावळीत बायका नसतात, कारण बनवणाऱ्याला त्यांची गरज वाटत नाही. या एका प्रश्नावर माझ्यासमोरून काही राजघराणी चहा अर्धा ठेवून उठून गेली आहेत.

निवृत्त झालो तरी सवय राहिली. मोटारसायकलवर फिरायचं, घुमट दिसला की थांबायचं, टेप काढायचा, वहीत मापं लिहायची. घरचे याला छंद म्हणतात. मी तपासणी म्हणतो. गावाने सांगितलेलं आणि दगडात असलेलं जुळतं का, एवढंच बघायचं. बहुतेकदा जुळत नाही.

धानाची कापणी संपत आली होती तेव्हा एक म्हातारा विणकर माझ्या घरी आला. मोहाडीकडच्या एका गावातून एसटीने आला होता. सत्तरीचा असेल. पिढ्यान्‌पिढ्या कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणारं कोष्टी घर. दारात उभा राहूनच त्याने विचारलं,

“तुमीच न पेपरमंधी राजाचं लिवनारे?”

“लिहीत होतो. आता सोडलं.”

“मंग पुन्हा धरा लागते. आमचा मान चालला.”

मान काय होता ते त्याने चहा होईपर्यंत सांगितलं. त्याच्या गावाबाहेर बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर एक घुमट आहे. आत एक कबर. गाव तिला राजाची कबर म्हणतं. उरसाच्या दिवशी तिच्यावर पहिलं कापड या विणकराच्या घरचं पडतं, बिनरंगी कोशाचं. उरूस भरवणारे त्याला चादर म्हणतात, विणकराचं घर शेला म्हणतं. कधीपासून, ते दोघांनाही सांगता येत नाही. या वर्षी उरसाच्या कमिटीने निरोप पाठवला होता: नागपूरहून हिरव्या साटीनची चादर येणार आहे, कोशाची गरज नाही. निरोप पाठवणारा माणूस त्या राजाचा वंशज म्हणवतो. लाखनीला हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे. लोक त्याला राजेसाहेब म्हणतात.

“टायरचे राजे,” म्हातारा म्हणाला. “पंक्चर काढता काढता गादीवर बसले.”

“तुमचा मान आहे, याला कागद काय?”

“कागद कायले? माग आहे न.”

हे उत्तर मी ऐकलेलं होतं. ज्याच्याकडे कागद नसतो त्याच्याकडे नेहमी कागदापेक्षा मोठं काहीतरी असतं. मी म्हणालो, येऊन बघतो, पण लिहीनच असं नाही.

“बघा, बघा. पन त्या टायरवाल्याकडे चहा पिऊन येऊ नका. त्याचा चहा पिला का मानूस त्याचंच बोलते.”

माझ्या घरचा चहा त्याने संपवला होता. ते मी मनात नोंदवलं.

दोन दिवसांनी गेलो. वरठीला कारखान्याची पाळी सुटली होती, रस्ताभर सायकली आणि मोटारसायकली. तिथून पुढे रस्ता मोकळा झाला. विणकराच्या घरी पुढच्याच खोलीत जमिनीत खड्डा करून माग बसवलेला होता आणि मागावर कापड अर्ध्याहून जास्त झालेलं होतं. म्हणजे नको असल्याचा निरोप आल्यावरही त्याने विणणं थांबवलं नव्हतं. हे निष्ठेचं लक्षण असू शकतं, किंवा आधी वस्तू तयार ठेवून मग भांडण उभं करण्याचं. मी दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या.

त्याची बायको चरख्यावर कांड्या भरत होती. मला बघून तिने चरखा थांबवला नाही.

“बसा जी. हे म्हनत होते, एक पेपरवाला येते. मी म्हटलं, येते तर येऊ द्या, पन मागाले हात नको लावू म्हना.”

भिंतीवर दोन खिळ्यांवर एक काळी काठी आडवी ठेवलेली होती. शेल्याचं माप त्या काठीवर होतं. तीन काठ्या लांबी. कापडाचा पन्हा मागाला बसेल एवढाच असतो, म्हणून दोन पन्हे विणून मध्ये शिवण घालून ते जोडतात. डोक्याकडच्या काठापासून काठीवरच्या पहिल्या खाचेपर्यंत शिवायचं, मग शिवण सोडायची, दुसऱ्या खाचेपासून पुन्हा धरायची. दोन खाचांमध्ये चार बोटांचं अंतर. तेवढी जागा न शिवलेली राहते.

“ही कशासाठी?” मी विचारलं.

“श्वासाची जागा,” बाई म्हणाली. “राजाचा जीव गुदमरला नाई पाह्यजे म्हनून.”

“माह्या आज्याच्या आज्यापासून आहे ही काठी,” म्हातारा म्हणाला.

डेस्कवर आम्हाला एक गोष्ट शिकवली गेली होती. जे ऐकताच मथळा सुचतो, ते आधी तपासायचं. ‘राजाच्या श्वासाची जागा’ हा तयार मथळा होता. लाकूड तेलात आणि धुरात दहा वर्षं राहिलं तरी शंभर वर्षांचं दिसतं. वहीत मी लिहिलं: काठी, वय सांगता येत नाही. निरोप आल्यानंतर या दोघांनी चार बोटं शिवण सोडून तिच्याभोवती गोष्ट रचली नसेल कशावरून?

“मागच्या वर्षीचं कापड आहे?”

“मागच्या वर्षीचं काहून? बुढीच्या काळाचं पन दाखवतो,” बाई म्हणाली आणि उठली.

त्या घराची रीत अशी की नवं कापड कबरीवर पडलं की जुनं घरी परत येतं. मुलीच्या बाळंतपणात बाराव्या दिवशी बाळाला त्यावर निजवतात, मग धुऊन पेटीत ठेवतात. पेटीतून पाच निघाली, बाकीची वापरात विरून गेलेली. सगळ्यात खालचं तिच्या सासूच्या वेळचं होतं, घडीवर विरलेलं. पाचही जमिनीवर पसरायला लावली आणि टेपने मोजली. न शिवलेली जागा पाचही कापडांत एकाच ठिकाणी होती. बोटभराचाही फरक नव्हता. सासूच्या वेळच्या कापडात तिथले काठ शिवणीसारखेच जुने पडलेले होते, नंतर उसवलेले नव्हते.

“आता तरी पटलं का जी?”

“या घरात सगळे एकाच काठीने मोजतात, एवढं पटलं.”

बाई हसली. “पोलिसात होते का हो तुमी आधी?”

दुसऱ्या दिवशी लाखनीला गेलो. उड्डाणपुलाखालून ट्रकांची रांग, त्याला लागून टायरांच्या थप्प्या, थप्प्यांच्या मागे काचेची केबिन. राजेसाहेब पन्नाशीचा होता. त्याने कार्ड दिलं, त्यावर सोनेरी मुकुट. तोच मुकुट मी लग्नपत्रिकांवर पाहिलेला होता. फाइल उघडण्याआधीच मला माहीत होतं की आत लॅमिनेट केलेली वंशावळ असेल. होती. चहा त्याने मागवला. मी घेतला नाही.

“आप पहले बताइए, काकाने क्या कहा?” त्याने विचारलं.

“त्यांचं तुम्हाला सांगणार नाही. तुमचं त्यांना सांगणार नाही.”

“यानी दोनों का आप अकेले जानेंगे,” तो म्हणाला. यात तक्रार होती की नुसतं निरीक्षण, ते कळलं नाही.

कापड का बंद केलं, यावर त्याचं उत्तर सरळ होतं. घुमट गळतो. पर्यटनाच्या यादीत आला तर दुरुस्ती होईल. यादीसाठी अर्ज केला आहे, साहेब लोक उरसाला पाहणीला येणार आहेत. फोटोत हिरवी, जरीची चादर शोभून दिसेल. कोशाचं कापड मातकट दिसतं.

“एवढंच?”

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मग मराठीत बोलला. “साहेब, काकांशी माझं भांडण नाही. पन जमाना पाहा. आज पहिलं कापड त्यांचं, उद्या कोनी दुसराच येईल अन् म्हनेल, पहिला हक्क ज्यांचा, जागाही त्यांचीच. काका नाही म्हननार. त्यांच्या नावानं दुसरे म्हनतीन.”

म्हाताऱ्याने निघताना मला जवळपास हेच सांगितलं होतं, उलट्या बाजूने: आज शेला बंद केला, उद्या म्हनतीन, तुमचा अठी काय संबंध. दोघांची भीती एकच होती. ते मी त्याला सांगितलं नाही. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

“तुमच्या आजीचं माहेर कुठलं?”

“वडिलांच्या आईचं? वालिदच्या? मालूम नाही.”

मी वही मिटायला घेतली. तो पुढे म्हणाला, “गाव कधी तिनं सांगितलंच नाही. पन स्वयंपाक झाला की पहिला घास चुलीजवळ जमिनीवर ठेवायची. पूर्वजांचा म्हनायची. वालिद रोज चिडायचे. ती रोज ठेवायची. मी लहान होतो, मला वाटायचं मुंग्यांसाठी आहे.”

वंशावळ बनवणारा माणूस असा तपशील बनवत नाही. त्याचा राजेपणाला उपयोग नाही, उलट अडचणच आहे. गोंडांच्या घरी असा घास ठेवताना मी पाहिलेलं होतं. पण हा पुरावाही नव्हता. गोंड आजी असलेले या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. वही पुन्हा उघडली, ते लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह केलं.

उरसाला चार दिवस राहिले असताना मी घुमटाकडे एकटाच गेलो. चौरस खोली, वर आठ कोनांचा पट्टा, त्यावर घुमट. चार कोपऱ्यांना बुटके मिनार, प्रत्येकावर कमळाची कळी, त्यातल्या दोन पडलेल्या. कमानी टोकदार आणि बेताच्या. दुरून बघताना जुनं आणि देखणं. जवळून बघितल्यावर, जिथे चुना निघाला होता तिथे दोन प्रकारच्या विटा दिसल्या. जोत्यात पातळ जुन्या, वर भिंतीत आणि घुमटात जाड. म्हणजे वरचं काम खालच्यापेक्षा बऱ्याच नंतरचं. किंवा पडझडीनंतर पुन्हा उचललेलं. किंवा खालच्या विटा दुसरीकडून आणून वापरलेल्या. तिन्ही शक्यता लिहिल्या.

आतली कबर लहान होती, हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेली. मी तिची लांबी घेतली. तीन काठ्यांचं कापड तिच्यावर टाकलं तर पायाकडे बरंच उरलं पाहिजे. गेल्या वर्षीचं कापड अजून तिच्यावरच होतं आणि पायाशी त्याची घडी घातलेली होती. न शिवलेली जागा सपाट पेंटवर आलेली होती. तिच्याखाली काहीच नव्हतं.

बाहेर आलो. घुमटाच्या पूर्वेला, पाळीच्या उताराजवळ, एक दगडी चौथरा गवतात अर्धा बुडालेला आहे. गाव त्याला घोड्याची कबर म्हणतं. राजाचा आवडता घोडा, असं. गुराखी त्यावर बसून डबे खातात. मीही बसलो. चौथऱ्याच्या उत्तरेकडच्या टोकाला हातभर उंचीचा एक चपटा दगड उभा आहे, त्याला पिशवी अडकवली आणि मापं लिहू लागलो. दोन ओळी लिहून झाल्यावर थांबलो. पिशवी काढली. उत्तरेच्या बाजूने, जमिनीपासून कडेवरून त्या दगडापर्यंतचं अंतर टेपने घेतलं. वहीतलं शेल्यांच्या मापांचं मागचं पान उलटलं. तोच आकडा. दगडाची रुंदी घेतली. चार बोटं.

पहिली शंका अशी आली की दगड कोणी नंतर बसवला असेल. गवत आणि माती बोटांनी काढली. दगड बसवलेला नव्हता. चौथऱ्याच्या वरच्या शिळेतूनच तो कोरून काढलेला होता, सांधा नव्हता. त्याला कोणी हलवू शकलं नसतं, फक्त तोडू शकलं असतं. तीन काठ्यांतून दोन्ही टोकांना जमिनीपर्यंत पडेल तेवढं कापड वजा केलं तर जेवढं उरतं, तेवढीच चौथऱ्याची लांबी होती.

मी गावात जाऊन म्हाताऱ्याला घेऊन आलो. येताना पेटीतलं एक कापड घ्यायला सांगितलं. कशाला, ते सांगितलं नाही. आधी सांगितलं की माणूस हवं ते बघतो.

“पसरा,” मी म्हणालो.

“यावर? घोड्यावर?”

“पसरून तर बघा.”

तो नाखुशीने एका टोकाला गेला, मी दुसऱ्या. कापड खाली आलं आणि तो दगड न शिवलेल्या जागेतून वर निघाला. ओढाताण करावी लागली नाही. दोन्ही बाजूंना कापड सारखं पडलं. मधली शिवण चौथऱ्याच्या बरोबर मध्यावर आली.

म्हाताऱ्याने दगड निघाला त्या जागेत बोट घालून पाहिलं. मग त्याने मान वर केली ती रागाने.

“म्हनजे आमच्या खानदानानं इतक्या पिढ्या घोड्याले शेला देल्ला म्हनता का तुमी?”

“घोड्याची आहे असं मी म्हणत नाही. गाव म्हणतं. इस्लामी रीतीने उत्तर-दक्षिण आहे, डोक्याशी दगड कोरलेला आहे. माणसाची कबर आहे.”

“कोनाची?”

“ते सांगता येत नाही.”

“राजाची?”

“असेल. नसेल. राणीची असेल, किल्लेदाराची असेल. यावर अक्षर नाही.”

“तुमाले बोलावलं होतं मान वाचवाले,” तो म्हणाला. “तुमी तर राजाच काढून नेला.”

त्याने कापड काढलं, दगडावरून अलगद उचलून, आणि काखेत घडी करून घेऊन गेला. माझ्यासाठी थांबला नाही.

संध्याकाळी मी लाखनीला फोन केला. बातमीची दुसरी बाजू घेतल्याशिवाय मजकूर पूर्ण होत नाही, ही सवय. मजकूर कोणी मागितला नव्हता, छापण्याचं ठरलं नव्हतं, तरी मी फोन केला आणि मापं वाचून दाखवली. राजेसाहेबाने एकच विचारलं: “काकांच्या जुन्या कापडात पन तीच जागा आहे? पक्कं?” मी पक्कं म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी दुसरी बाजू घेतली नव्हती, पहिली बाजू देऊन टाकली होती. ‘त्यांचं तुम्हाला सांगणार नाही’ हा शब्द चार दिवसही टिकला नव्हता.

सकाळी मी लवकर निघालो, तरी पोचलो तेव्हा विणकराच्या दारात लाखनीची गाडी उभी होती. राजेसाहेब ओट्यावर बसला होता. म्हातारा मागाच्या खड्ड्यातून उठला नव्हता. तिथूनच, कंबरेपर्यंत जमिनीत, बोलत होता. मला बघताच म्हणाला,

“या. तुमी या राजाले भेटले, हे आले. आता गावचे सगळे येतीन.”

“काका, गलती झाली माझी,” राजेसाहेब म्हणाला. “असली मजार बाहेर आहे. अन् त्याचा पुरावा दुनियेत फक्त तुमच्या पेटीत आहे. साटीन रद्द. तुमचं कापड पाह्यजे.”

“चार दिवस आधी कोशाची गरज नव्हती न?”

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“मले बी नव्हतं. मी विनत होतोच.”

राजेसाहेब ओट्यावर पुढे सरकून बसला. त्याने बेत सांगितला. बाहेरच्या चौथऱ्याला कठडा, वर शेड, बाजूला फलक, फलकावर राजाचं नाव आणि खाली लहान अक्षरात विणकर घराण्याची सेवा. पेपरात मोठी बातमी. ती मी लिहायची. अर्ज दुरुस्त होईल.

बाई आतून बाहेर आली. तिने माझ्याकडे बघितलं. “त्यात राजाच आहे, हे ठरलं का जी?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग फलकावर राजाचं नाव कसं?”

“काकी, कोनाचं तरी नाव लिहावं लागते,” राजेसाहेब म्हणाला. “बिना नावाच्या कबरीसाठी सरकार छत देत नाही.”

“अन् नाव लिवलं का कठडा,” म्हातारा म्हणाला. “कठडा झाला का कुलूप. कुलूप झालं का चाबी. चाबी कोनापाशी राहीन? माह्यापाशी तर राहत नाई.” त्याने धोटा हातात घेतला, ठेवला. “राजे, एक सांगतो. शेला मी देईन. बाहेरच्याच कबरीवर देईन, जिचं माप आहे तिलेच. पन फलक लागला का त्या दिवसापासून बंद.”

“तो फिर मेरे हाथ में क्या रहा, काका?”

हा प्रश्न त्याने मोठ्याने विचारला नाही. फाइल त्याच्या मांडीवर होती, त्याने ती उघडली नाही. मी त्या क्षणीही तपासत होतो की हे नाटक आहे का. ठरवता आलं नाही.

म्हाताऱ्याने बायकोकडे बघितलं. कापड चार कोपऱ्यांनी धरून नेतात आणि चारही कोपरे धरणारी माणसं त्यांच्याच घरची असायची, हे मला नंतर कळलं. मुलगा सुरतेला असतो, त्यामुळे गेली काही वर्षं चौथा कोपरा धरायला शेजारचं माणूस बोलवावं लागत होतं.

“एक कोपरा घ्या,” बाई म्हणाली. “डोक्याकडचा.”

“वं, डोक्याकडचा काहून?” म्हातारा एकदम म्हणाला.

“मंग पायाकडचा देता का राजाले?”

राजेसाहेब हसला, पहिल्यांदा. म्हातारा हसला नाही, पण नाही म्हणाला नाही. अटी एवढ्याच ठरल्या: घुमटाचा अर्ज जसा आहे तसा राहील, आत साटीन जाईल, त्याचा फोटो निघेल. बाहेर कोसा, फलकाशिवाय. कागद कोणी केला नाही. मी तो करायला सुचवलं, तेव्हा दोघांनी माझ्याकडे एकाच नजरेने बघितलं.

उरसाला पाहणीचे साहेब आले, आतले फोटो काढले आणि जेवून गेले. बाहेरच्या चौथऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते गेल्यावर गवत काढलेल्या चौथऱ्यापाशी कापड आणलं. दक्षिणेला बाई आणि तिची जाऊ, उत्तरेला एका कोपऱ्यावर म्हातारा, दुसऱ्यावर राजेसाहेब. गावातली काही माणसं कुतूहलाने उभी होती. घोड्यावर काहून टाकून राहिले, असं कोणीतरी विचारलं. कापड खाली येताना राजेसाहेबाने आपला कोपरा थोडा लवकर सोडला आणि दगड जागेवर आला नाही.

“धरा न नीट! टायर आहे का थे?” म्हातारा ओरडला.

पुन्हा उचललं. या वेळी दगड वर आला. राजेसाहेबाने दुवा मागितली, बाईने चौथऱ्याला हात लावून कपाळाला लावला. दोन्ही एकाच वेळी झालं, आणि कोणाचं आधी झालं हे सांगण्याइतक्या नेमक्या जागी मी उभा नव्हतो.

त्यानंतर दोन उरूस झाले. आत साटीन पडतं, बाहेर कोसा. घुमट अजून यादीत नाही, अजून गळतो. राजेसाहेब दर वर्षी लाखनीहून येतो आणि डोक्याकडचा कोपरा धरतो. तो वंशज आहे की नाही, याबद्दल माझ्या वहीतलं प्रश्नचिन्ह तसंच आहे. कबर कोणाची, याचंही तसंच. ज्या विणकराने मला लिहा म्हणून शोधलं होतं, तो आता मला वहीसह बघितलं की अस्वस्थ होतो. त्याला वाटतं बातमी आली की फलक येईल, आणि या बाबतीत त्याचं चुकत असेल असं मला माझ्या अनुभवावरून म्हणता येत नाही. म्हणून या मजकुरात गावाचं नाव नाही, आणि वाट सांगताना मी वरठीच्या पुढे थांबलो आहे.

गेल्या उरसाला मी निघताना तो पाळीपर्यंत सोडायला आला. पोचवायला नव्हे, विचारायला.

“लिवून तर नाई राहिले न तुमी?”

मी नाही म्हणालो. त्या दिवशी ते खरं होतं.